स्पेशल स्कूलचा अर्ज शाळेकडे करायचाच नसतो

इंग्लंडमध्ये मुलाला स्पेशल स्कूलमध्ये, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांच्या शाळेत, प्रवेश कसा मिळतो हे तुम्ही विचारलंत, म्हणून सविस्तर उत्तर. भारतातून इंग्लंडमध्ये आलेल्या आईवडिलांचा प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो : ‘मुलाला ऑटिझम आहे, घराजवळ एक चांगली स्पेशल स्कूल आहे, तिथे ॲडमिशन कशी घ्यायची?’ मूल कर्णबधिर असो, बौद्धिक अक्षमतेचं असो की सेरेब्रल पाल्सीचं, उत्तराचा गाभा तोच राहतो. सरकारी स्पेशल स्कूलमध्ये आपण थेट फॉर्म भरून प्रवेश घेऊ शकत नाही. आधी मुलाच्या नावाने एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन, म्हणजे ईएचसीपी (मुलाच्या गरजा आणि मिळणारी मदत नोंदवणारा कायदेशीर कागद) तयार व्हावा लागतो. त्याच्या ‘सेक्शन आय’ या भागात काउन्सिल, म्हणजे स्थानिक प्रशासन, शाळेचं नाव लिहिते आणि ते लिहिलं की त्या शाळेला मूल घ्यावंच लागतं. प्लॅन नसताना, सर्वांच्या संमतीने, प्लॅनसाठीच्या तपासणीपुरता प्रवेश मिळू शकतो. पण ते अपवाद. म्हणून मुख्याध्यापिकेला ईमेल करून सीट विचारण्यात आठवडे घालवू नका. ती कितीही भली असली तरी तिच्या हातात काही नसतं.

हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं, ‘चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्ट २०१४’प्रमाणे. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

सुरुवातीलाच तीन गैरसमज आडवे येतात. पहिला निदानाचा. ऑटिझमच्या तपासणीची रांग लांब असते आणि पालक तिची वाट बघत बसतात. कायदा निदान मागत नाही. मुलाला विशेष शैक्षणिक गरज आहे किंवा असू शकते, आणि ती भागवायला प्लॅन लागू शकतो, एवढंच दिसलं तरी काउन्सिलने प्लॅनसाठीची तपासणी करायला हवी. भारतातल्या डॉक्टरांचे, स्पीच थेरपिस्टचे, शाळेचे रिपोर्ट असतील तर इंग्रजी प्रतीसह जोडा. तेही पुरावाच असतात.

दुसरा गैरसमज आपल्या मुलांच्या बाबतीत फार नुकसान करतो. शाळा म्हणते, ‘घरी मराठी बोलता ना, म्हणून बोलणं उशिरा येतंय, इंग्रजी येऊ द्या, मग बघू.’ घरची भाषा वेगळी आहे एवढ्यावरून मुलाला शिकण्यात अडचण आहे असं मानता येत नाही, हे कायद्यात आहे. पण त्याचा अर्थ खरी अडचण भाषेच्या नावावर ढकलून द्यावी असा होत नाही. मूल मराठीतही दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर तेच लिहून द्या : ‘घरच्या भाषेतही असंच आहे.’ या एका वाक्याने चर्चेची दिशा बदलते. आणि त्यासाठी घरी मराठी बोलणं बंद करायची मुळीच गरज नाही.

तिसरा व्हिसाचा. डिपेंडंट व्हिसावर ‘पब्लिक फंड्स नाहीत’, म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, अशी अट असते, म्हणून अनेक जण अर्जच करत नाहीत. शाळेचं शिक्षण आणि ईएचसीपी पब्लिक फंड्समध्ये मोडत नाहीत. डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, हा अपंग मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मात्र मोडतो. तो अर्ज व्हिसाच्या अटी तपासल्याशिवाय भरू नका.

आता प्रत्यक्ष काम. प्लॅनसाठीच्या तपासणीची मागणी आईवडील स्वतः करू शकतात. सेन्को, म्हणजे शाळेतली विशेष गरजांची जबाबदार शिक्षिका, ‘अजून वेळ आहे’ म्हणाली तरी थांबायचं कारण नाही. काउन्सिलच्या एसईएन (विशेष शैक्षणिक गरजा) विभागाला पत्र किंवा ईमेल करा. विशेष गरजांच्या कायद्याबद्दल सल्ला देणाऱ्या इप्सिया या संस्थेच्या संकेतस्थळावर नमुन्याची पत्रं मोफत आहेत, आणि प्रत्येक काउन्सिलच्या हद्दीत सेंडियास ही मोफत सल्लासेवा असते. मागणी पोहोचल्यापासून ६ आठवड्यांत तपासणी करणार की नाही हे कळवायचं असतं. तपासणीत शाळा, एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट, आरोग्यसेवा, सोशल केअर आणि पालक या सर्वांचं म्हणणं घेतात. प्लॅन द्यायचा ठरला तर अंतिम प्रत मागणीपासून २० आठवड्यांत हवी. अनेक काउन्सिल ही मुदत पाळत नाहीत. म्हणून मागणीची तारीख जपून ठेवा, आणि मुदत उलटली की लेखी तक्रार करा. फोनवरचं आश्वासन कुठेच नोंदलं जात नाही.

मग प्लॅनचा ड्राफ्ट येतो आणि उत्तर द्यायला किमान १५ दिवस मिळतात. सगळी मेहनत या पंधरा दिवसांसाठी राखून ठेवा. पालक ड्राफ्ट हाती आला की आधी शाळेचं नाव शोधतात. ते तिथे नसतंच. ड्राफ्टमध्ये सेक्शन आय कोरा ठेवायचा असतो. वाचायचे ते सेक्शन बी आणि एफ. बीमध्ये मुलाच्या गरजा आणि एफमध्ये त्या प्रत्येक गरजेसाठी काय मिळणार ते. शाळा कोणती हे खरं तर इथेच ठरतं. ज्या प्लॅनच्या एफमध्ये ‘शिक्षकांच्या थोड्या मदतीने’ असं लिहिलंय, त्या प्लॅनवर स्पेशल स्कूल मागितली तर काउन्सिल म्हणणार, ही मदत साध्या शाळेतही मिळते. आणि त्या कागदावरून पाहता ते खरंही असतं.

म्हणून एफमधलं प्रत्येक वाक्य तपासा : कोण देणार, किती वेळ, आठवड्यातून किती वेळा, किती मुलांच्या गटात? ‘स्पीच थेरपी उपलब्ध असेल’, ‘गरजेनुसार आधार’, ‘छोट्या गटात काम करण्याची संधी’ या वाक्यांनी काउन्सिलवर काहीच बंधन येत नाही. ‘स्पीच थेरपिस्टकडून आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं, एकट्याला’ हे बंधन आहे, कारण एफमध्ये लिहिलेलं पुरवणं हे काउन्सिलचं कायदेशीर कर्तव्य ठरतं. एक खाचखळगा आहे. थेरपी कधीकधी जी सेक्शनमध्ये, आरोग्याच्या खात्यात टाकलेली असते. तिथे ती असली तर काउन्सिल जबाबदार राहत नाही. शिकवण्याशी संबंधित स्पीच थेरपी एफमध्येच आणायला सांगा. तसंच, एज्युकेशनल सायकॉलॉजिस्टच्या रिपोर्टमधल्या शिफारशी एकेक करून एफशी ताडून बघा. मूळ रिपोर्ट नेमका असतो आणि प्लॅनमध्ये येईपर्यंत शब्द सैल होतात, हे वारंवार घडतं. रिपोर्टच मोघम असेल तर तो नेमका करून द्यायची मागणी करा.

शाळांचे प्रकार म्हणाल तर ‘साधी की स्पेशल’ एवढीच निवड नाही. काही साध्या शाळांत ‘रिसोर्स्ड प्रोव्हिजन’ असते, तिथे मूल निम्म्याहून जास्त वेळ नेहमीच्या वर्गात बसतं. ‘एसईएन युनिट’मध्ये निम्म्याहून जास्त वेळ वेगळ्या वर्गात. बोलता येणाऱ्या, अभ्यास झेपणाऱ्या पण तीस मुलांच्या गोंगाटात कोलमडणाऱ्या मुलासाठी हे पर्याय फार चांगले असतात, आणि पालकांना ते बहुधा कुणी सांगतच नाही. मग काउन्सिलच्या आणि अकॅडमीच्या (सरकारी पैशावर, पण काउन्सिलच्या कारभाराबाहेर चालणाऱ्या) स्पेशल स्कूल, धर्मादाय संस्थांच्या ‘नॉन-मेंटेन्ड’ स्पेशल स्कूल, आणि खासगी. खासगीमध्ये ‘सेक्शन ४१’च्या, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या, यादीतल्या शाळा बाकीच्यांप्रमाणेच हक्काने मागता येतात. यादीबाहेरची शाळा मागायची तर तिने आधी जागा देऊ केलेली असावी लागते आणि खर्चाचा युक्तिवाद बराच अवघड होतो.

शाळा बघायला ड्राफ्टच्या आधीच जा. १५ दिवसांत चार भेटी होत नाहीत. इमारत, सेन्सरी रूम, स्विमिंग पूल यांनी भारावून जाऊ नका. शाळा कोणत्या गरजांसाठी नोंदलेली आहे हे विचारा : मध्यम अडचण, तीव्र, बहुविध, ऑटिझम, की भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी. मग ज्या वर्गात आपलं मूल बसेल तोच वर्ग दाखवायला सांगा. त्यातली मुलं कशी बोलतात? आपलं मूल बोलतं आणि वर्गात कुणीच बोलत नसेल, तर शिकवण उत्तम असूनही ती जागा त्याची नव्हे. थेरपिस्ट शाळेची नोकर आहे की एनएचएसकडून अधूनमधून येते? बोलण्यासोबत करायच्या मकाटॉनच्या हातखुणा वापरतात, चित्रांची देवाणघेवाण, की टॅब्लेट? मूल अनावर झालं तर काय करतात आणि पालकांना त्याच दिवशी कळवतात का? वयाची मर्यादा १६ की १९? जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेला, बसायची सोय आहे का? आणि मुलाचे मराठी शब्द, ‘पाणी’, ‘शी’, ‘नको’, ‘दुखतंय’, रोमन लिपीत लिहून दिले तर वर्गात ठेवतील का, हेही विचारा. या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून शाळेचा स्वभाव चटकन कळतो.

आपण शाळेचं नाव कळवलं की काउन्सिल त्या शाळेला विचारते. ‘आम्ही भरलेले आहोत’ एवढं कारण कायद्यात पुरत नाही. नकाराला तीनच आधार : शाळा मुलाच्या वयाला, कुवतीला किंवा गरजांना योग्य नाही, बाकीच्या मुलांच्या शिक्षणाशी त्याचं असणं जुळत नाही, किंवा साधनांचा कार्यक्षम वापर होत नाही, म्हणजे सोप्या शब्दांत, खर्च. नकार आला तर एसईएनडी ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा वादांसाठीच्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अपील करता येतं. फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत पत्राच्या तारखेपासून २ महिने किंवा मीडिएशन सर्टिफिकेटपासून (काउन्सिलशी मध्यस्थीचा पर्याय विचारात घेतल्याचा दाखला) १ महिना, यातली जी उशिरा संपेल ती. अपील फक्त शाळेच्या नावाबद्दल असेल तर ते सर्टिफिकेटही लागत नाही. पण बी आणि एफ सैल ठेवून नुसतं शाळेच्या नावावर अपील करणं म्हणजे पाया सोडून छपराची दुरुस्ती. बी, एफ आणि आय या तिन्ही भागांवर एकत्र अपील करा.

उलट भीतीही ऐकू येते : प्लॅन झाला की मुलाला जबरदस्तीने स्पेशल स्कूलमध्ये टाकतील. तसं नाही. साधी शाळा हवी असेल तर ती नाकारायला काउन्सिलकडे एकच कारण असतं, इतर मुलांच्या शिक्षणात येणारा अडथळा. आणि तो दूर करायचे वाजवी उपाय नाहीत हेही त्यांनाच दाखवावं लागतं.

सेकंडरीला, म्हणजे माध्यमिक शाळेत, जाणाऱ्या मुलांचा प्लॅन त्या वर्षीच्या १५ फेब्रुवारीपर्यंत बदलून यायला हवा. म्हणून शाळा बघायला वर्षभर आधी, इयर ५ मध्येच लागा.

शेवटचं, वाहतूक. सेक्शन आयमध्ये काउन्सिल कधी दोन नावं लिहिते : जवळची एक शाळा, आणि ‘पालकांच्या पसंतीची’ दुसरी, पालक ने-आण करतील या अटीवर. आनंदाच्या भरात पालक हो म्हणतात, आणि मग रोजचे दोन तास गाडीत जातात, शिवाय एकाची नोकरीही. अशी अट दिसली तर ती जवळची शाळा मुलाला खरंच योग्य आहे का आणि तिथे जागा आहे का, हे लेखी विचारा. ती योग्य नसेल तर आपली शाळा हीच जवळची योग्य शाळा ठरते, आणि अपंगत्वामुळे चालत जाऊ न शकणाऱ्या ५ ते १६ वयाच्या मुलाला तिथपर्यंत मोफत वाहन देणं काउन्सिलचं काम असतं.