एकच पिक्चर तीन-तीनदा

बेळगावात राहण्याचा एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईवाल्यांना नाही, पिक्चर बघण्यापुरता तरी. मराठी घरातली, कन्नड बाजारात आणि बसमध्ये कानावर पडून पडून येतंच, हिंदी टीव्हीनं शिकवली. त्यामुळं एकाच स्टोरीचे दोन-तीन पिक्चर सबटायटल न वाचता बघता येतात आणि मला आता तो नादच लागलाय. एक बघायचा, मग दुसऱ्या भाषेतला हुडकून काढायचा, आणि मग अक्काला फोन लावून कुठला बरा ह्यावर भांडायचं. अक्का निपाणीला दिलीय, दाजींना पिक्चरचा काडीचा नाद नाही, त्यामुळं तिलाही भांडायला कोणतरी पाहिजेच असतं.

मला त्यातलं टेक्निकल काय कळत नाही. कॅमेरा कुठं ठेवला, लाइट कशी मारली, हे यूट्यूबवरची पोरं सांगतात तेवढंच. आमच्या हॉलमध्ये आई, बायको, मी आणि बऱ्याचदा शेजारच्या अज्जी बसतात. अज्जी कन्नड, पण मराठी सिरियल आमच्यापेक्षा जास्त बघतात. ह्या मंडळींपैकी कोण कधी उठून आत गेलं त्यावर माझं मत ठरतं बघा. आणि हो, खाली शेवट फोडलेत, आधीच सांगून ठेवतो.

दृश्यमपासून सुरुवात करतो कारण तो सगळ्यांनी बघितलाय. मल्याळम 2013 चा मोहनलालचा, कन्नडमध्ये 2014 ला दृश्य नावानं रविचंद्रनचा, हिंदी 2015 चा अजय देवगणचा, जो आपल्या निशिकांत कामतनं केला. मल्याळम तेवढा सबटायटल लावून बघावा लागला, पण वसूल. मोहनलाल सुरुवातीचा अर्धा पिक्चर नुसता संसार करतो, चिकटपणा करतो, बायकोशी वाद घालतो, काहीच होत नाही असं वाटतं आणि तीच त्याची गंमत आहे, कारण पुढं तो माणूस खोटं बोलायला लागतो तेव्हा आपण त्याच्या बाजूला जाऊन बसलेलो असतो. हिंदीत अजय देवगण पहिल्यापासूनच काहीतरी लपवल्यासारखा बघतो. पण तब्बू! ती आली की आमची आई भाजी निवडायची थांबली. हिंदीवाला गोव्यात आहे, पणजी, सत्संग, पावभाजी वगैरे, आणि चोर्ल्यातून तासा-दोन तासात गोव्याला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना ते घरचंच वाटतं, त्यामुळं मार्क थोडे जास्त दिले असतील मी. कन्नडवाला ठीक. त्यात पोलीस अधिकारी बाई मल्याळमवालीच आहे, आशा शरत, ती भारी. रविचंद्रन अज्जींचा जुना हिरो, त्यामुळं त्याच्याविरुद्ध त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही.

पण एक गोष्ट मानली पाहिजे, तिन्ही चालतात. दृश्यमची स्टोरीच अशी पक्की बसवलीय की गाव बदला, भाषा बदला, हिरो बदला, ती थांबत नाही. चौथी शिकलेला केबलवाला, जो दिवसरात्र पिक्चर बघतो आणि त्यातूनच सगळं शिकतो. असा माणूस प्रत्येक गावात एक असतोच हो.

असाच दुसरा म्हणजे भूलभुलैया. मूळ मल्याळम, मणिचित्रताळ, 1993. कन्नडमध्ये आप्तमित्र, 2004, विष्णुवर्धन आणि सौंदर्या. बिचारी सौंदर्या तो रिलीज व्हायच्या आधीच विमान अपघातात गेली, अज्जी दरवेळी ते सांगतातच. मग तमिळमध्ये चंद्रमुखी, आणि 2007 ला हिंदी. ह्यात मला एक मजा सापडली. मल्याळम पिक्चरमधलं भूत तमिळ आहे. कन्नडमधलं तेलुगू बोलतं, ते रा रा गाणं तेलुगूच आहे. हिंदीतली मंजुलिका बंगाली. म्हणजे भूत कायम शेजारच्या भाषेतलं! घरातल्या माणसाच्या अंगात शेजारी येतो आणि सगळे घाबरतात. हा पिक्चर कुणी बेळगावात काढला तर भूत कुठल्या भाषेत बोलणार ह्यावरून आधी मोर्चा निघंल, मग शूटिंग. माझ्या मते आप्तमित्रमधली सौंदर्या आणि हिंदीतली विद्या बालन, दोघींत डावं-उजवं करता येत नाही, पण हिंदीतली कॉमेडी फारच लांबवलीय, बायको तिथं उठून भांडी घासून आली आणि तिचं काहीही चुकलं नाही.

आता सैराट. इथं माझी गाडी घसरते, कारण मला राग येतो. नागराज मंजुळेनं 2016 ला जे केलं त्यात स्टोरी अशी काय आहे? पोरगी मोठ्या घरची, पोरगा खालच्या जातीचा, पळून जातात, मारले जातात. एवढंच. हे पेपरात रोज येतं. पण त्यातलं करमाळ्याकडचं रान, ती विहीर, आर्चीचा तो ट्रॅक्टर, तिचं ते दमात घेऊन बोलणं, आणि शेवटी आवाजच बंद करून टाकलाय, बारकं पोर रक्तात पाय बुडवून चालत जातं. हे काढून घेतलं तर हातात काय राहतं? धडक राहतो. 2018 चा हिंदी, उदयपूरमधला. सगळे धुतलेले, इस्त्री केलेले, हवेल्या, तळं. आणि जात? ती तर इतकी हळू आवाजात येते की आईनं विचारलं, अरे मग ह्यांचं लग्न का होत नव्हतं. शेवट पण बदलला, पोरगी जिवंत ठेवली. मला विचाराल तर तिथंच हात कापला नागराजचा. शेवट बदलायचा होता तर पिक्चर कशाला घेतला?

कन्नडवाला, मनसु मल्लिगे, 2017, एस. नारायणचा, तो जरा वेगळा नमुना आहे. त्यात हिरोईन रिंकू राजगुरूच. म्हणजे आर्चीला उचलून कन्नडमध्ये नेऊन ठेवलंय. मी लई आशेनं बसलो होतो की आता हा तरी जमेल, पोरगी तीच, आपला भाग पण शेजारीच. पण नाही. ती तीच आहे आणि तरीही ती नाही, पाहुण्यांकडं राहायला गेलेल्या पोरीसारखी जपून जपून वागते. अक्का म्हणते मी उगंच खुसपट काढतो, तिच्या सासरी सगळ्यांना आवडला. असंल.

रिमेक वाईटच असतो असं मी म्हणत नाही हं. अशी ही बनवाबनवी घ्या की, 1988 चा, तो 1966 च्या हिंदी बीवी और मकान वरून घेतलेला आहे हे सांगितलं तर आजही लोक भांडायला उठतात. हृषिकेश मुखर्जींचा पिक्चर आहे तो, वाईट नाही, पण बघताना सारखं वाटतं की ह्यात अशोक सराफ कुठाय. इथं कॉपी पुढं गेली कारण सचिननं स्टोरी उचलली आणि माणसं आपली घातली. घरमालक आपला, बोलायची ढब आपली, कंजूषपणा पण आपला.

यू टर्न वर जास्त बोलत नाही. पवन कुमारचा कन्नड, 2016, तो बघा. 2023 चा हिंदी नाही बघितला तरी चालतं.

हे सगळं बघून आता मला ज्यांचा रिमेक होऊच शकत नाही असले पिक्चर जास्त आवडायला लागलेत. नटरंग तसा. ज्यांच्या कादंबरीवरून तो काढला ते आनंद यादव कागलचे, कोगनोळी ओलांडली की कागल, त्यामुळं त्यातला गुणा आमच्या ओळखीचा वाटतो. अतुल कुलकर्णीचा जन्म पण बेळगावचा, हे आम्ही पाहुण्यांना सांगितल्याशिवाय सोडत नाही. आधी पैलवान, मग नाच्या, अंगच बदलून टाकलंय त्या माणसानं.

आणि तिथी. मंड्याकडच्या एका खेड्यात काढलेला, राम रेड्डीचा, कोण नट नाही, गावातलीच माणसं. एकशे एक वर्षांचा म्हातारा मरतो, अकराव्याचं जेवण घालायचं असतं, आणि नातू आपल्या जिवंत बापाचा मेल्याचा दाखला करून जमीन विकायला बघतो. बाप मात्र रानातून दारू पीत हिंडतोय, त्याला जमीन नको, काहीच नको. तिकडचं कन्नड इतकं वेगळं की अज्जींनापण मधी मधी सबटायटल विचारावं लागलं, आणि इंग्लिश वाचून मी त्यांना मराठीत सांगत होतो, त्या मला कन्नडमध्ये दुरुस्त करत होत्या. आई अर्ध्यातच झोपायला गेली, ह्यात कोण काय करतच नाही म्हटली. अज्जी मात्र शेवटपर्यंत हसत बसल्या, आणि उठताना त्यांच्या दिराचा जमिनीच्या उताऱ्याचा सगळा किस्सा सांगितला, तो इथं लिहिण्यासारखा नाही.