इकॉनॉमीतही इतके प्रकार!

आज अख्खा दिवस आई-बाबांच्या शिकागोच्या तिकिटात गेला. ताईची डिलिव्हरी आहे, म्हणजे जायची तारीख साधारण ठरलेली, परतीची बाळाच्या मर्जीवर.

स्क्रीनवर एकाच विमानाची, एकाच इकॉनॉमीची तीन-चार भाडी. खुर्ची तीच, जेवणही तेच. फरक तारीख बदलण्याच्या दंडात, रिफंडमध्ये, बॅगांमध्ये आणि आधी सीट निवडता येते की नाही यात. बाबांचं बोट अर्थातच सगळ्यात स्वस्तावर. "काहून जास्त द्याचे बाप्पा? पोहोचाचं तर एकाच टायमाले!" पण त्या भाड्यात तारीख बदलायला दंड भरपूर, आणि सीट सिस्टीम देईल ती. इतक्या लांबच्या प्रवासात आई एकीकडे, बाबा दुसरीकडे? नाही जमणार.

आईचा प्रश्न एकच: बॅगा किती? २३ किलोच्या दोन, माणशी. डिंकाच्या लाडवांचा हिशेब तिथेच सुरू झाला.

नागपूर-मुंबई वेगळं काढलं तर थोडं स्वस्त पडत होतं. ते मीच खोडलं. वेगवेगळ्या तिकिटांत पहिलं विमान लेट झालं, तर पुढची कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. एकाच पीएनआरवर असलं की पुढची सोय त्यांनाच करावी लागते.

शेवटी मधलं भाडं घेतलं, दोघांसाठी व्हीलचेअरही मागितली. ती स्वस्त भाड्यातही मिळते, हे ऐकून बाबा परत स्वस्ताकडे वळले होते!