बोर्निओ जमलं म्हणून सुमात्रा जमत नाही

"बोर्निओत दिसला ना? मग सुमात्रात तोच, जरा लहान. दोन दिवस पुरेत." बोर्निओचा ग्राउंड कुक्कू पाहून सुमात्राचा शोधायला निघालो, तेव्हा एजंटच्या या शब्दांवर मी दोनच दिवस ठेवले. तुम्ही पाच ठेवा, त्याखाली जाऊच नका.

हे दोन्ही पक्षी कोकीळकुळातले, आपल्या भारद्वाजापेक्षा मोठे आणि जमिनीवरच वावरणारे. 1996 मध्ये वेगळे ठरेपर्यंत दोघांची एकच जात धरत. 1916 नंतर सुमात्राचा पक्षी कोणाला दिसला नव्हता, तो सापडला थेट 1997 मध्ये. एवढं वाचून गेलो असतो तर दोन दिवसांवर विश्वास ठेवला नसता.

बोर्निओचं लवकर सांगतो. मलेशियाच्या साबाह राज्यातल्या सुकाऊहून किनाबातांगन नदीच्या फाट्यात पहाटे होडीने शिरलो, इंजिन बंद केलं, आणि काठावर तो चालताना दिसला. काळंभोर चमकदार डोकं, हिरवी चोच, डोळ्याभोवती हिरवी उघडी कातडी, राखाडी पोटावर बारीक आडव्या रेघा. होडीचा दर माणशी की अख्ख्या होडीचा, हे आधी लिहून घ्या. आम्ही दुप्पट मोजले.

आता सुमात्रा. बुकित बारिसान सेलातान राष्ट्रीय उद्यानातल्या चढाने माझा जीव काढला. पावसानंतर तांबडी माती बुटाला थापली जाते, आधाराला काही पकडायला जावं तर वेताचे काटे, आणि जळवा मोज्यांच्या विणीतून आत घुसतात. साधे मोजे नेऊ नका, जळवा रोखणारेच घ्या. वर पोचल्यावर लपणात, म्हणजे पक्षी बघायच्या आडोशात, सात तास हालचाल न करता बसायचं. पहिल्या दिवशी फक्त पाऊस.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पानं सरकली. चारेक सेकंद! पोट तपकिरी, त्यावर पट्टे, आणि डोळ्याभोवती हिरवा, जांभळट, निळा असे तीन रंग एकात एक. मला रडू आलं, खरंच.

उतरताना वाटाड्याने वाटेतला नायलॉनचा फास काढून खिशात टाकला. इतर पक्ष्यांसाठी लावतात, पण पायी चालणारा हाही त्यात अडकतो. वाटाड्या असे फास काढणारा आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणारा असेल तर दुसरा बघा. राष्ट्रीय उद्यानाचा सिमाक्सी, म्हणजे प्रवेशाचा परवाना, मात्र आधीच हातात हवा.