कोरड्या नळ्या

जुलैचा दुसरा आठवडा, तीन दिवस पावसाने झड लावलेली. फोंडा तालुक्यातल्या साइटवरून सुपरवायझरने रिटेनिंग वॉलचा, म्हणजे डोंगराची माती अडवणाऱ्या भिंतीचा, फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅडम, भिंत एकदम कोरडी. थेंब नाही." मला बरं वाटेल म्हणून त्याने पाठवलेला. फोटो बघितल्याबरोबर मी त्याला फोन करून आधी कामगारांची पत्र्याची खोली रिकामी करायला लावली. ती खोली त्याच भिंतीला टेकून होती आणि रात्री आत चौघं झोपत होते.

वर पाऊस धो धो पडतोय आणि मागचं पाणी बाहेर काढणाऱ्या भिंतीतल्या नळ्या कोरड्या आहेत, म्हणजे पाणी भिंतीमागे साठतंय. त्याला दुसरा अर्थ नाही.

काम तसं नेहमीचंच, उतारावरचं घर. रस्ता वरच्या अंगाला, प्लॉट खाली उतरणारा. वरचा मजला मालकांच्या कुटुंबाला, खालचा दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याला. चोवीस मीटरमध्ये जमीन ५.४ मीटर खाली जाते, म्हणजे साडेबावीस टक्के उतार. गोव्यात डोंगर कापायचा तर नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे आधी लेखी परवानगी लागते, आणि २५ टक्क्यांच्या वरच्या उतारावर बांधकामाचं नावच काढायचं नसतं. इतकं काठावरचं माप टेपने घेऊन चालत नाही. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून उंचीच्या अर्ध्या अर्ध्या मीटरला कॉन्टूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढून घेतल्या, तेव्हा कुठे कागदावर पहिली रेघ ओढली.

भाड्याचा फ्लॅट खालीच का, हे प्रत्येक मालक विचारतो. रस्त्यावरून घरात शिरताना म्हाताऱ्या माणसांना पायरी नको, हे एक. भाडेकरूची वाट घराच्या कुशीने वेगळी उतरली पाहिजे, हे दुसरं. त्या वाटेला १५ सेंटिमीटरच्या एकवीस पायऱ्या आल्या. अकरा पायऱ्यांवर दीड मीटरचा चौथरा दिला, कारण भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो आणि तो पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून कुणीतरी खांद्यावर घेऊन उतरणार असतो. फ्रिज वळतो की नाही तेही त्या चौथऱ्यावरच ठरतं. वरचे संडास-बाथरूम खालच्या संडास-बाथरूमच्या बरोबर डोक्यावर ठेवले. मालक आणि भाडेकरू यांची भांडणं भाड्यावरून कमी आणि छतातल्या ओलीवरून जास्त होतात. गळती झालीच तर ती बाथरूममध्ये पडावी, भाडेकरूच्या पलंगावर नको. सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा प्लॉटच्या खालच्या टोकाला. शोषखड्डा भिंतीच्या वरच्या अंगाला कधीही घेऊ नये. त्याचं पाणी नेमकं भिंतीमागेच येतं.

मालकांनी आधी दुसऱ्या एकाकडून एक नकाशा करून घेतला होता. त्यात डोंगर न कापता घर खांबांवर उभं केलेलं: डोंगराकडचे खांब दीड मीटर, दरीकडचे साडेचार. कागदावर छान दिसतं. पण खांबाचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तिप्पट आखूड खांब सत्तावीसपट ताठ, आणि भूकंपात घराचा बहुतेक आडवा धक्का त्या आखूड खांबांवरच येतो. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे गोवा मध्यम धोक्याच्या झोन तीनमध्ये येतो आणि कोयना फार लांब नाही. असे खांब ठेवायचेच तर त्यांना तळापासून माथ्यापर्यंत दर १०० मिलिमीटरवर लोखंडी रिंगा द्याव्या लागतात. त्या नकाशात रिंगांचा उल्लेखही नव्हता.

आम्ही डोंगर कापला, पण कापलेली बाजू घराच्या अंगाला लावली नाही. उतारावरच्या घरात माझा आग्रह या एकाच गोष्टीचा असतो: डोंगर अडवणारी भिंत वेगळी आणि घराची भिंत वेगळी, मध्ये वर उघडी असलेली १.२ मीटरची गल्ली. साठ सेंटिमीटर ठेवली तर दोन वर्षांत पानांनी भरते आणि मग ती गल्ली राहत नाही, गटार होतं. सव्वा मीटरमध्ये माणूस फावडं आणि घमेलं घेऊन वावरू शकतो. खालच्या फ्लॅटला मागून वारा मिळतो, बाथरूमला खिडकी मिळते. जांभ्या चिऱ्याची भिंत मातीला लावली की जून ते ऑक्टोबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी आलीच म्हणून समजा. वरच्या घरात जायला गल्लीवरून दीड मीटर रुंदीचा छोटा पूल टाकला. रस्त्यावरून पूल ओलांडून घरात शिरायचं. मालकीणबाईंना तो पूल पहिल्या दिवसापासून आवडला.

मालकांना मात्र गल्ली पटत नव्हती. साडेआठ मीटर गुणिले १.२, म्हणजे दहा चौरस मीटरहून जास्त जागा "फुकट" जात होती. "मॅडम, भाडेकरूची मागची बेडरूम भिंतीपर्यंत घेतली तर महिन्याला दीड-दोन हजार जास्त येतील," असं ते तीनदा म्हणाले. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं, पण कारण नीट सांगितलं ते फक्त ओलीचं. दाबाचं गणित त्यांच्यापुढे मांडलं नाही. ते तेव्हाच मांडायला हवं होतं.

गणित असं. भिंतीमागे ३.४ मीटर भराव. माती कोरडी किंवा निचरा होणारी असली की भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण साडेतीन टन दाब येतो. वर गाडी उभी राहणार म्हणून आणखी एक टनभर धरला. भिंतीचं डिझाइन त्यावर: बुडाला ३०० मिलिमीटर, माथ्याला २००, पाया २.२ मीटर रुंद, मुख्य लोखंड १२ मिलिमीटरच्या सळ्यांचं, दर १२० मिलिमीटरवर एक, तेही मातीच्या बाजूला. हे लोखंड दिसणाऱ्या बाजूला बांधलेलं मी दोन साइटवर पकडलंय. सळ्या बांधणाऱ्या फिटरच्या सवयीने तिथेच बसतं. आता तोच भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला असं धरा. मातीचं वजन पाण्यात निम्मं होतं, पण पाण्याचा स्वतःचा दाब पावणेसहा टनांवर जातो. दोन्ही मिळून साडेसात टन, वरची गाडी सोडून. निचरा होणार हे धरूनच तर भिंत एवढ्या जाडीत बसवलेली असते.

आणि पाणी किती? रस्त्यापलीकडचा हजार चौरस मीटर उतार आमच्या फाटकाकडे वाहतो. ताशी १०० मिलिमीटरची सर आली आणि तीस टक्के मुरलं, तरी तासाला सत्तर हजार लिटर येतं, म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर. ते रस्त्याकडेच्या गटारातून जायला हवं. पण त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरमालकाने फाटकासमोर गटारात सहा इंची पाइप टाकून वर काँक्रीट ओतलंय. पहिल्या मोठ्या पावसात पाइप पानांनी तुंबतो आणि पाणी रस्त्यावरून पुढच्याच्या फाटकात शिरतं. याबद्दल कुणी कुणाला बोलत नाही, कारण पाइप सगळ्यांनीच टाकलेत.

मी पोचले तेव्हा खोली रिकामी झालेली होती. भिंतीवर चढून वर बघितलं तर गाडीच्या जागेत पाय घोट्यापर्यंत रुतला. माथ्यापासून दोन हातांवर जमिनीत भिंतीला समांतर चीर, बोट जाईल एवढी. ओळंबा सोडला, तर माथा बुडापेक्षा २२ मिलिमीटर पुढे. भराव घातल्यावर भिंत उंचीच्या हजारात एक ते चार भाग पुढे येते. तेवढं धरलेलंच असतं, इथे ३ ते १४ मिलिमीटर. २२ धरलेलं नव्हतं.

आधी येणारं पाणी तोडलं. फाटकात वाळूच्या गोण्या, रस्त्याचं पाणी बाजूने वळवलं, भरावावर ताडपत्री, तिची वरची कड चरात पुरून चीर झाकली. मग नळ्या. तीन रांगांत वीस नळ्या, ७५ मिलिमीटरच्या, दीड दीड मीटरवर. सुपरवायझर खालच्या रांगेपासून सुरू करणार होता, मी थांबवलं. दाब सगळ्यात जास्त खाली असतो. वरच्या रांगेपासून, गल्लीच्या टोकाकडून, एका वेळी एकच माणूस, तोही नळीच्या समोर उभा न राहता बाजूला सरकून. १२ मिलिमीटरची सळी आत घालायची आणि फिरवायची.

वरच्या रांगेतल्या पहिल्या दोन नळ्यांतून नुसता लाल चिखल आला. तिसरीत सळी हातभर गेली आणि अडकली. त्याने झटका देऊन ती ओढली, तशी मागोमाग पाण्याची धार आली आणि समोरच्या, अजून गिलावा न झालेल्या घराच्या भिंतीवर जाऊन आपटली. वरच्या रांगेतून पाणी येणं म्हणजे मागे जवळजवळ माथ्यापर्यंत पाणी होतं. धारेचा रंग विटेसारखा, आणि तिच्यात सिमेंटच्या गोणीचे धागे. संध्याकाळपर्यंत अकरा नळ्या मोकळ्या झाल्या. रात्रभर पाणी वाहत होतं. सकाळी वरची रांग थेंब थेंब, मधली बारीक, खालची भरभरून. ओळंबा पुन्हा लावला, २२ च होते. वाढले नव्हते.

२०१९ मध्ये जूनच्या शेवटी पुण्यात कोंढव्याला आणि लगेच जुलैच्या सुरुवातीला मुंबईत मालाडला पावसात भिंती कोसळल्या. दोन्ही ठिकाणी खाली गरिबांची घरं होती, माणसं झोपेत गेली. माझ्या साइटवरची पत्र्याची खोलीही तिथेच होती. मीही ती आदल्या शनिवारी बघितली होती आणि काही बोलले नव्हते. वारा लागत नाही आणि एक भिंत आयती मिळते, म्हणून कामगार नेहमी तिथेच खोली बांधतात.

ऑक्टोबरात भराव उघडला. नकाशात भिंतीच्या पाठीला ३०० मिलिमीटर जाडीचा ४० मिलिमीटर खडीचा थर होता, मातीकडून जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं) कापड, तळाशी भोकांचा सहा इंची पाइप. हिशेबाने सव्वाअकरा घनमीटर खडी. बिलात ती होती. प्रत्यक्षात प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक एक घमेलं खडी आणि बाकी सगळी खणलेलीच लाल माती, डबर, रिकाम्या गोण्या, वरून जेसीबीच्या बकेटने दाबलेलं. खडी अंगणाच्या सोलिंगमध्ये, म्हणजे फरशीखालच्या दगडी थरात, गेली होती. मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी दोन दिवसांत हे उरकलेलं. माझी भेट शनिवारची. शनिवारी बाहेरून नळीत डोकावलं तर आत स्वच्छ खडी दिसत होती.

कंत्राटदाराचं म्हणणं होतं की त्यात लबाडी नव्हती, घाई होती. असेल. पण भराव एकदा मातीखाली गेला की पाऊस येईपर्यंत तो कुणालाच दिसत नाही, आणि अशाच कामात घाई होते. आता मी भरावाचा साठ सेंटिमीटरचा प्रत्येक थर टेप लावून फोटो काढायला सांगते. फोटो आल्याशिवाय पुढचा थर नाही आणि बिलही नाही. साडेतीन मीटरला सहा फोटो. भिंतीच्या बुडाशी लाल ऑइलपेंटने ओळंब्याची खूण केली आहे. खडी आणि पाइप नव्याने घातल्यावरही माथा त्याच २२ वर आहे. भिंत एकदा कलली की परत मागे जात नाही.

गल्ली मालकांनी नंतर मागितली नाही. बेडरूम भिंतीपर्यंत घेतली असती तर ती लाल धार कुठे आली असती, हे त्यांना सांगायला लागलं नाही. गिलावा होईपर्यंत तो डाग तिथेच होता.

फ्लॅटमध्ये आता नवरा-बायको राहतात, दोघंही कारखान्यात शिफ्टमध्ये. यंदा जूनअखेर मालकांचा फोन आला, भाडेकरू तक्रार करतायत, मागच्या भिंतीतून सारखं पाणी येतं, गल्ली ओली राहते, डास होतात. गवंडी बोलावून बघून घेतलंय, म्हणाले. मी गेले तर खालच्या रांगेतल्या दोन नळ्या सिमेंटने बुजवलेल्या होत्या, वरून गुळगुळीत घोटून.

त्याच दुपारी फोडल्या. डासांसाठी सगळ्या नळ्यांच्या तोंडाला जाळी बसवली आणि गल्लीच्या चराला पुन्हा शंभरात एकचा उतार काढून दिला, कारण पाणी मधोमध साचत होतं आणि ती चूक आमचीच होती. नळ्यांच्या वर मराठीत आणि हिंदीत रंगवून घेतलं: "या नळ्या बुजवू नका. पावसात पाणी थांबलं तर लगेच फोन करा." खाली माझा नंबर.