ओपन सोर्स आहे म्हणजे सुटलो ना? (युरोपचा एआय कायदा, माझा अनुभव)

म्युनिकला येऊन सहा वर्षं झाली, जर्मन बऱ्यापैकी येतं, तरी सरकारी पत्र आलं की अजून पोटात गोळा येतो. त्यातूनच हा उद्योग सुरू केला, जर्मन पत्राचा अर्थ सोप्या मराठीत सांगणारं छोटं मॉडेल. मुलगी झोपली की रात्री बसायचं. मंडळातल्या एका काकूंना वापरायला दिलं, त्यांना आवडलं, मग म्हटलं सगळंच ओपन सोर्स करून टाकू, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, बदलावं; कोड पण आणि वेट्स (मॉडेल जे शिकलं ते साठवणारे आकडे) पण. तेवढ्यात ऑफिसातला मित्र म्हणाला, अरे तो एआय अ‍ॅक्ट वाचलास का?

मी म्हटलं ओपन सोर्सला सूट आहे, विषय संपला. तो नुसता हसला. एका कन्सल्टंटला विचारलं तर त्याने आधी फीचा आकडा सांगितला, म्हटलं राहू दे, आपणच वाचू. १४४ पानांची पीडीएफ. ११३ कलमं, त्याच्याआधी १८० परिच्छेदांची प्रस्तावना, आणि गंमत म्हणजे कामाची अर्धी माहिती त्या प्रस्तावनेतच!

पहिला घोळ माझा असा झाला की मी मॉडेल (शिकवलेला मेंदू) आणि सिस्टिम (त्यावर उभं केलेलं, लोक वापरतात ते अ‍ॅप) एकच समजत होतो. कायद्यात दोन्ही वेगळे आहेत आणि सूटही वेगवेगळी. मॉडेल बनवणाऱ्यांचे नियम २ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाले, त्यात ओपन सोर्सवाल्याला तांत्रिक कागदपत्रं माफ आहेत, पण कॉपीराइटचं धोरण आणि ट्रेनिंगला काय डेटा वापरला त्याचा सारांश मात्र द्यावाच लागतो. त्या सारांशाचा छापील नमुना आहे, मी एक अख्खा रविवार घालवून तो अर्धा भरला. मराठी विकिपीडिया, माझी स्वतःची नावं खोडलेली पत्रं, असं सगळं लिहीत बसलो.

मग युरोपियन कमिशनच्या (युरोपियन युनियनचं प्रशासन) जुलै २०२५ च्या मार्गदर्शिकेत दिसलं की दुसऱ्याचं मॉडेल घेऊन सुधारणाऱ्यावर ही जबाबदारी कधी येते, तर मूळ ट्रेनिंगला लागलेल्या गणनेच्या एक तृतीयांशाहून जास्त गणना त्याने केली तर. मूळ आकडा माहीत नसेल तर १० चा २३ वा घात, त्याचा तिसरा हिस्सा धरायचा. मीही शून्यापासून नाही, मिस्ट्रल या कंपनीचं सात अब्ज पॅरामीटरवालं (पॅरामीटर म्हणजे ते आतले आकडे) तयार मॉडेल घेऊन त्याला दोन कोटी टोकन (शब्दांचे तुकडे) तीन फेऱ्यांत शिकवले. सहा (हा ट्रेनिंगच्या गणनेचा नेहमीचा ठोकताळा) गुणिले सात अब्ज गुणिले सहा कोटी, हिशोब पाकिटाच्या मागेच केला (पाकीट अर्थात टॅक्स ऑफिसचं), मर्यादेपेक्षा तेरा हजार पट कमी आलं! म्हणजे तो सारांश मला द्यायचाच नव्हता. बायको म्हणाली, म्हणजे तुझा रविवार पण तेवढाच वाया.

लायसन्सचंही बघून घ्या. आधी मी मेटा कंपनीच्या लामा मॉडेलवर प्रयोग केला होता, त्याच्या लायसन्समध्ये ७० कोटी मासिक युजरची अट आहे. आपल्याला काय फरक पडतो, काकूंसकट अकरा युजर. पण मार्गदर्शिका म्हणते की अशी युजरसंख्येची अट असेल, किंवा फक्त संशोधनासाठी वापरा असं असेल, तर ते ओपन सोर्स धरलं जात नाही. मी घेतलेल्या मिस्ट्रलचं लायसन्स अपाचे २.० आहे, त्यात अशा अटी नाहीत, तिथे डोक्याला ताप नाही.

आता सिस्टिम, म्हणजे माझं अ‍ॅप. सर्व्हरचा खर्च निघावा म्हणून महिना तीन युरो घ्यायचा विचार होता. पैसे घेतले की सूट जाते. म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसलो, मग नीट वाचल्यावर कळलं की ही सूट आपल्याला वाचवते तरी कशापासून? बंदी असलेले वापर, जास्त जोखमीचे वापर आणि समोर मशीन आहे हे सांगायची सक्ती, हे तिन्ही सुटीतून वगळलेलेच आहेत. माझ्यासारख्या कमी जोखमीच्या अ‍ॅपला तसेही बाकी फारसे नियमच नाहीत! मोठ्या अक्षरात सूट लिहिलीय, आत बघितलं तर माझ्या वाट्याला जवळजवळ काही नाही. मला तरी हे कलम शोभेचं वाटलं.

आणि समोर मशीन आहे हे सांगायची सक्ती बरीच आहे, कारण एकदा माझ्या मॉडेलने उत्तर द्यायची मुदत १२ ऐवजी २१ तारीख सांगितली होती. काकूंनी मूळ पत्र बघितलं म्हणून वाचलो.

गेल्या महिन्यात एका छोट्या कंपनीचा मेल आला, तुमचं मॉडेल नोकरीचे अर्ज चाळायला वापरू का? नोकरभरती थेट जास्त जोखमीच्या यादीत. लायसन्सने मी त्यांना अडवू शकत नाही, पण उद्देश बदलून ते वापरलं तर त्या सिस्टिमची जबाबदारी त्यांची, हे कलम २५ दाखवून कळवलं. उत्तर आलं नाही. रीडमीमध्ये (कोडसोबतची माहितीची फाइल) मात्र पहिली ओळ तीच घातलीय, आणि अ‍ॅपच्या डोक्यावर लाल अक्षरात, ‘हे मशीनने लिहिलंय, तारीख मूळ पत्रात बघा.’ काकू म्हणतात, लाल नको रे, जप्तीची नोटीस वाटते.