लॅपटॉप नक्की कुणाला विचारतोय?

घरात रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर (पुढे नुसता 'पाय') पाय-होल हे जाहिरातींची डोमेन्स अडवणारं सॉफ्टवेअर बसवलं, राउटरच्या डीएचसीपीमध्ये, म्हणजे घरातल्या उपकरणांना नेटवर्कची सेटिंग वाटणाऱ्या भागात, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून त्याचा पत्ता टाकला, १९२.१६८.१.१०, आणि खुशीत सगळ्यांना सांगून टाकलं की आता जाहिराती बंद. मोबाइलवर झाल्याही. बायकोच्या लॅपटॉपवर मात्र सगळं जसंच्या तसं, वर "तुझा तो डबा काढून टाक, वीज खातोय नुसता" हे ऐकून घ्यावं लागलं.

पाय-होलचा क्वेरी लॉग, म्हणजे कुणी काय विचारलं त्याची नोंद, उघडला तर मोबाइलच्या ओळी धडाधड येतायत आणि लॅपटॉपची एकही नाही. म्हणजे हा बाबा दुसऱ्याच कुणाला तरी विचारतोय. विंडोजच्या सेटिंगमध्ये चकरा मारण्यापेक्षा मी अशा वेळी सरळ एनएसलुकअप ही डीएनएसला विचारून बघणारी कमांड चालवतो, कारण ते उत्तराच्या आधी सर्व्हरचं नाव-पत्ता सांगतं, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. तिथे १९२ वगैरे काही नाहीच, एफई८० पासून सुरू होणारा लांबलचक पत्ता. नेटवर्कची सगळी सेटिंग दाखवणारी आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल ही कमांड दिली तर डीएनएस सर्व्हर्सच्या ओळीत दोन पत्ते, वर तोच एफई८०वाला आणि खाली पायचा. तेव्हा कुठे ट्यूब पेटली, मी फक्त आयपीव्ही४चं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचं बदललं होतं, आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवरून राउटर अजून स्वतःलाच डीएनएस म्हणून पुढे करत होता आणि विंडोज आधी त्याच्याकडेच जात होतं.

राउटरच्या आयपीव्ही६च्या पानावर पायचा पत्ता टाकला, वायफाय बंद-चालू केलं, फ्लशडीएनएस मारून साठवलेली जुनी उत्तरं पुसली. आता एनएसलुकअपमध्ये पाय दिसतोय, जाहिरातीच्या डोमेनला ०.०.०.० येतंय, म्हणजे अडवलं, एकदम झकास.

आणि ब्राउझरमध्ये जाहिराती तशाच!

इथे अर्धा तास गेला हो. एनएसलुकअप खोटं बोलत नव्हतं, पण ते स्वतःपुरतंच खरं सांगतं, ब्राउझर विंडोजला न विचारता परस्पर एचटीटीपीएसवरून, म्हणजे वेबसाइटच्या एन्क्रिप्टेड जोडणीसारखंच, डीएनएस विचारू शकतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये सिक्युअर डीएनएसला क्लाउडफ्लेअर निवडलेलं, म्हणजे प्रश्न थेट त्यांच्या १.१.१.१ या डीएनएसकडे, पायला पत्ताच नाही. आणि ते निवडलं कुणी? मीच, गेल्या वर्षी. हे बायकोला सांगितलेलं नाहीये.

ते बंद केलं आणि लॉगमध्ये लॅपटॉपच्या ओळी पडायला लागल्या. दहा मिनिटांनी आतून आवाज, "अरे, ही रेसिपीची साइट म्हणतेय अ‍ॅडब्लॉकर बंद करा!"