हात वरच जाईनात

"डॉक्टर, लिव्हर गेलं का माझं?" चोवीस वर्षांच्या त्या मुलाने रिपोर्टमधल्या दोन आकड्यांभोवती लाल पेनाने गोल केले होते. लिव्हरच्या तपासणीतली दोन एन्झाइम्स, दोन्ही चढलेली: एसजीओटी 412, एसजीपीटी 128. शेजारी वडील, चेहरा उतरलेला.

दारू नाही, कुठलं औषध नाही. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन नॉर्मल, हिपॅटायटिस निगेटिव्ह. मी आणखी तपासण्या लिहायला घेतल्याच होत्या. पोट बघू म्हणून शर्ट काढायला सांगितला, तर त्याचे हात खांद्याच्या वर जाईनात. टेबलावर चढतानाही कण्हला.

"जिम कधी लावलीस?"

"तपासणीला रक्त द्यायच्या दोन दिवस आधी. पहिल्याच दिवशी मित्राबरोबर जरा जास्तच झालं."

'लिव्हर फंक्शन टेस्ट' हे नाव मोठं फसवं. ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात, एसजीओटी तर भरपूर. सवय नसताना जड वजनं उचलली की स्नायूंच्या पेशींना इजा होते आणि ती रक्तात उतरतात; आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस चढलेली राहतात. त्याचं जीजीटी, लिव्हरच्या तपासणीतलं आणखी एक एन्झाइम, नॉर्मल होतं, तिथेच मी थांबायला हवं होतं. ते स्नायूंतून येत नाही.

स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, सीपीके, करवलं. 18,600! आता मला लिव्हरची नाही, किडनीची काळजी लागली, कारण स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन तिथे जाऊन त्रास देतं. लघवी काळ्या चहासारखी झाली होती का, विचारलं. नाही म्हणाला. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही ठीक आलं. भरपूर पाणी, जिम बंद, आणि काही दिवसांनी पुन्हा रक्त.

"मी सांगतच होतो, व्यायाम-बियाम नको म्हणून," वडील म्हणाले आणि जाता जाता स्वतःचा कागद पुढे केला. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, एसजीपीटी 58. "माझं आपलं किरकोळ आहे."

त्या दोघांत लिव्हरचा पेशंट हाच होता. त्यांना म्हटलं, आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला. वजन काट्यावर हललं नाही तरी लिव्हरमधली चरबी कमी होऊ शकते. राबणारे स्नायू साखर आणि चरबी वापरतात, इन्सुलिनही नीट काम करू लागतं. मुलाला जिम बंद आणि बापाला चाला, हे काही त्यांना पटलेलं दिसलं नाही.

बारा दिवसांनी दोघं आले. मुलाचं एसजीओटी 36, एसजीपीटी 51. दुसरं अजून का उतरलं नाही म्हणून तो धास्तावलेलाच. ते रक्तातून सावकाशच जातं, मी सांगितलं.

वडील पोटऱ्या चोळत बसले होते. "चार दिवस चाललो. माझंही ते सीपीके करायचं का?"